मुक्त व्यापाराचा उमेदवार

पेडणे वा डिचोलीच्या बाजारात उभे राहून राज्यपालपदासाठी कोणी मते मागितली तर लोक हसतील. आपल्याकडे तो राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेत मात्र हे पद मतांनी मिळते. २००२ साली विस्कॉन्सिन राज्यात एड थॉम्पसन नावाचे उपाहारगृहाचे चालक लिबर्टेरियन पक्षातर्फे उभे राहिले. व्यापारात व खासगी जीवनात सरकारने कमीत कमी हात घालावा, हे त्या पक्षाचे म्हणणे. सुमारे १० टक्के मते पडली. हरले, पण आपले मत जसेच्या तसे मांडून हरले.

आमच्या देशात ही सोय उरलेली नाही. राजाजींच्या स्वतंत्र पक्षाने १९५९ पासून परवाना-राज्याशी उघड झुंज दिली व १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या. आज तसा पक्ष नोंदवावयाचा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या, १९८९ पासून लागू असलेल्या, कलम २९-अ अन्वये समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. शरद जोशी यांनी ही अट काढण्यासाठी राज्यसभेत विधेयक आणले. अट कायम राहिली. विश्वास नसणाऱ्याने खोटे लिहून द्यावे किंवा पक्षच काढू नये, हा कोणता न्याय?

तथापि दोष केवळ कायद्याचा नव्हे. कर वाढला की आम्हांस स्वातंत्र्य आठवते. आणि शेजारी नवे मोठे दुकान येणार म्हटले की संरक्षण मागावयास पणजीस धावतो तेही आम्हीच! पुढील वार्षिक सभेत ही अट रद्द करण्याच्या मागणीचा ठराव यावा, असे आम्ही सुचवितो. त्यास हात किती वर होतात, ते पाहू.