पर्स्पिक्युइटी म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, इंग्रजीत 'पर्स्पिक्युइटी' असा एक शब्द आहे. अर्थ काय, तर लिहिण्या-बोलण्यातला स्पष्टपणा. आता स्पष्टपणासाठीचा शब्दच डिक्शनरीत शोधावा लागत असेल, तर बोलणंच खुंटलं!

पण शब्दाचं कूळ चांगलं आहे. लॅटिनमध्ये 'पेर' म्हणजे आरपार आणि 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. काचेसारखं ज्याच्या आरपार दिसतं, ते पर्स्पिक्युअस. पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या क्विंटिलियनने शैलीचा पहिला गुण हाच मानला. गंमत म्हणजे हा 'स्पेकेरे' आणि संस्कृतातला 'स्पश्' धातू एकाच मुळाचे, आणि 'स्पश्'पासूनच आपला 'स्पष्ट' आला. म्हणजे दोन्हीकडे मुद्दा एकच, दिसण्याचा.

याच शब्दाचं एक भावंड आहे, 'पर्स्पिकॅसिटी'. भलेभले दोघांची गल्लत करतात. पर्स्पिकॅसिटी म्हणजे पाहणाऱ्याची तीक्ष्ण नजर. पर्स्पिक्युइटी हा मात्र लिखाणाचा गुण.

माझं भांडण आहे ते इथेच. "विषय गहन आहे, वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत," म्हणणारे विद्वान स्वतःचं काम वाचकाच्या गळ्यात मारतात. स्वतः काच पुसायची नाही, आणि वर समोरच्याची नजर अधू! विषय कठीण असतो, कबूल. पण मग काच आणखी स्वच्छ नको का?

बरं, हे फक्त समीक्षेच्या जड पुस्तकांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..." असं पत्र घरी येतं, आणि पेन्शन सुरू राहणार की बंद होणार हेच म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. विम्याच्या कागदात कशाचे पैसे मिळणार नाहीत, ते नेमकं सगळ्यात लांबलचक वाक्यात दडलेलं असतं. अस्पष्टपणाची किंमत तिथे वाचणारा मोजतो, लिहिणारा नाही.

अमेरिकेने २०१० साली केंद्र सरकारचे कागद लोकांना समजतील अशा भाषेत लिहिण्याचा कायदा केला. त्याच्या नावात शब्द कुठला घेतला? 'प्लेन'. पर्स्पिक्युइटी नव्हे! एवढं शहाणपण तरी दाखवलं म्हणायचं.

तेव्हा यापुढे एखादं लिखाण डोक्यावरून गेलं, तर आधी स्वतःच्या अकलेला दोष देऊ नका. लिहिणाऱ्यालाच विचारा, बाबा रे, यातून काही दिसतंय का ते तू एकदा तरी पाहिलं होतंस का?