खुर्द की बुद्रुक?

इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन आहेत, खुर्द आणि बुद्रुक. वाटेत यांची गफलत झाली तर फार तर थोडी पायपीट होईल. पण महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा पुणे, तालुका इंदापूर निवडल्यावर गावांच्या यादीत भलत्याच वरकुट्यावर बोट पडलं, की आपल्याच गट नंबरखाली दुसऱ्या कुणाचा तरी सातबारा समोर येतो. मग घरात एकच कल्ला : आपलं नाव गेलं कुठं? नाव कुठंही गेलेलं नसतं. मागं जायचं, गाव नीट निवडायचं.

घरात संगणक असून सातबाऱ्यासाठी तालुक्याला गाडी काढणारी माणसं आजही आहेत, म्हणून हा विषय. संगणक आला तो पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी किंवा कुणाच्या एमएस-सीआयटीसाठी. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली, अनेक घरांत तिचं प्रमाणपत्र फायलीत जपून ठेवलेलं असतं. यंत्रावर मात्र लग्नाचे फोटो आणि सिनेमे. माझं म्हणणं एवढंच की हे यंत्र घरच्या कागदपत्रांच्या कामाला जुंपा.

महाभूलेखवरचा उतारा फुकट दिसतो, पण तो पाहण्यापुरता. बँकेत किंवा सोसायटीत द्यायला डिजिटल सहीचा उतारा लागतो, आणि तो महाभूमीच्या डिजिटल सातबारा या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून ही सोय आहे. आठ-अ सुद्धा तिथंच मिळतो. तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) यासाठी फोन करून 'आहात का चावडीत?' असं विचारायची गरज नाही.

गट नंबर आठवत नसेल तर नावानं शोधता येतं. इथंच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण नाव देवनागरीत लिहावं लागतं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. तिथं इन्स्क्रिप्ट मिळेल, आणि विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत फोनेटिक कळफलकही. फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांत उच्चार टंकला की मराठी उमटतं. इंग्रजी-मराठी अदलाबदलीला विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा. ज्यांना पुष्कळ लिहायचंय, त्यांनी इन्स्क्रिप्टच शिकावं : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची शिस्त आहे. सुरुवातीला चिडचिड होते, मग बोटं आपोआप पळतात. दूध संस्थेची किंवा भिशीची जुनी पत्रं दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची भेळ दिसते, कारण ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. नवीन जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे नातवालाही वाचता येईल.

उतारा स्क्रीनवर आला की त्याचा मोबाईलनं तिरका फोटो काढायचा, ही आपली सवय. त्याऐवजी कंट्रोल आणि पी दाबा. प्रिंटर नसला तरी चालतं. प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा, स्वच्छ फाईल तयार होते. तिला गट नंबर आणि महिना-वर्ष असं नाव द्या. 'डॉक्युमेंट न्यू फायनल २' या नावाची फाईल कर्जाच्या वेळी कुणाला सापडली आहे? लांबलचक यादीत आपलं नाव हुडकायचं तर कंट्रोल आणि एफ. वडीलधाऱ्यांना बारीक दिसत असेल तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह, पान मोठं होतं. चुकून काही पुसलं गेलं तर लगेच कंट्रोल आणि झेड. एवढ्या चार जोड्या आल्या तरी घरचं निम्मं काम निभावतं.

उपयोगाची संकेतस्थळं पुष्कळ आहेत, सगळी सांगत बसत नाही. डाळिंब कोणत्या बाजार समितीत काय भावानं गेलं, ते राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतं. पावसाचा अंदाज हवामान खात्याकडूनच घ्या, ढकललेल्या मेसेजवरून नको. २०१५ पासून असलेल्या डिजिलॉकरमध्ये आधार, वाहन परवाना, मुलांच्या गुणपत्रिका ठेवता येतात. मोबाईल हरवला तर संचार साथीवरून तो बंद पाडता येतो. आणि रिकाम्या वेळेसाठी मराठी विश्वकोश आहे, मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेट अर्काइव्हवर आहे. गॅझेटियर इंग्रजीत आहे, तरी इंदापूरची पानं काढून बघा. आपल्या भागाची त्या काळची वर्णनं वाचताना दुपार कशी जाते कळत नाही.

आता खरी गोष्ट. खुर्द की बुद्रुक हे पाहून घेणारा आपला माणूस संकेतस्थळाचा पत्ता मात्र वाचत नाही. गूगलवर शोधलं की वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या जाहिराती येतात आणि आपण पहिलीवरच क्लिक करतो. पत्ता असा वाचायचा : एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यापुढं पहिली तिरकी रेघ येते तिथं थांबा, आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा. सरकारी असेल तर तिथं 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. नावात मध्येच कुठं तरी जीओव्ही घुसवलेलं असेल आणि शेवट वेगळाच असेल, तर तो पत्ता भामट्याचा समजा. अपवाद आहेत, पणन मंडळाचाच पत्ता डॉट कॉम आहे. पण तिथं भाव बघायचे असतात. जिथं आधार, बँक खातं किंवा ओटीपी मागतात, तिथं शेवट पाहिल्याशिवाय एक अक्षर टंकू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' नावाच्या फायली फिरतात, त्यांच्या शेवटी 'एपीके' असतं. ते ॲप असतं. फोनमध्ये शिरून ते बँकेचे मेसेज वाचतं आणि खातं रिकामं करतं. कोणतंही सरकारी खातं अशी फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. मेव्हण्याच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचाच फोन आधी हातचा गेलेला असतो. संगणकावर अजून विंडोज १० असेल तर हेही लक्षात घ्या, मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. अशा यंत्रावर उतारे बघायला हरकत नाही, बँकेचे व्यवहार टाळा.

इतकं करूनही पैसे गेलेच, तर गावात बभ्रा होईल म्हणून रात्रभर गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे पुढं सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून द्या, आजीच्या साध्या फोनमध्येसुद्धा.