अकरा खासदारांचं वजन

विधानसभा जिंकली की राज्य हातात आलं, असं आपण सर्रास धरून चालतो. नवा रायपूरच्या नव्या विधानभवनाकडे बघत परवा एक परिचित म्हणाले, "सगळं इथंच ठरतं. खासदार निवडून देऊन आपल्याला काय मिळतं?" मला हे मुळीच पटत नाही.

१९ सप्टेंबर २०२२ ला बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने छत्तीसगडमधलं ५८ टक्के आरक्षण रद्द केलं. त्यात आदिवासींचा वाटा ३२ टक्क्यांचा. तेवढ्यात भानुप्रतापपूरची पोटनिवडणूक आली आणि ‘सर्व आदिवासी समाज’ या संघटनेने आपला उमेदवार उभा केला. मतदान ५ डिसेंबरला होतं. त्याआधी तीनच दिवस विधानसभेने ७६ टक्के आरक्षणाची विधेयकं मंजूर केली. काँग्रेसने जागा राखली, पण विधेयकं राजभवनात अडकली. ९० पैकी ७१ आमदार पाठीशी असून तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांना राज्यपालांची एक सही मिळवता आली नाही. राज्यपाल नेमतं केंद्र. आरक्षण कोर्टात टिकावं म्हणून ते राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात घालावं, असाही ठराव झाला; पण ते काम संसदेचं, आणि छत्तीसगडच्या ११ खासदारांत काँग्रेसचे दोनच होते.

यात भरडली गेली ती मुलं. राज्य लोकसेवा आयोगाच्या मुलाखती देऊन बसलेल्यांना निकाल कळेना. १ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निर्णयाला स्थगिती दिल्यावर ५८ टक्क्यांनुसार भरतीची वाट मोकळी झाली आणि त्याच महिन्यात निकाल लागला.

कोर्टावरच इतकं अवलंबून असेल, तर न्यायाधीशही आपणच का निवडू नयेत, असं कुणी विचारेल. अमेरिकेत कित्येक राज्यांत न्यायाधीशही मतदानाने निवडले जातात. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी सुमारे १० कोटी डॉलर खर्ची पडले. मतदारसंघांच्या सीमांचे वाद तिथेच सुटतात, मग पक्ष हात आखडता कशाला घेतील? आपले न्यायमूर्ती मतं मागत फिरत नाहीत, हे मी आपलं भाग्य समजतो. मात्र त्यामुळे कोर्टात पडलेला कायदा पुन्हा उभा करायचा, तर बहुतेक वेळा दिल्लीच गाठावी लागते. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षण रद्द झालं, तेव्हा मागास जाती ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत मिळाला तो संसदेने केलेल्या १०५ व्या घटनादुरुस्तीने.

२०२४ ला इथल्या ११ पैकी १० जागा भाजपने घेतल्या, काँग्रेसकडे कोरबा तेवढी राहिली. पुढच्या वेळी दारात येणाऱ्या उमेदवाराला मी नाली-रस्त्याचं विचारणार नाही. आरक्षणाच्या प्रश्नावर लोकसभेत कधी उभे राहिलात, तेवढं सांगा म्हणणार.