कारखान्याचा कायदा डॉक्टरांनीही वाचावा

डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, अमुदान केमिकल्समध्ये तसाच स्फोट झाला. दोन्ही वेळा माणसे गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या, चौकशी झाली आणि कारखाने हलवण्याची मागणी पुढे आली. अशा दुर्घटनेनंतर कामगार सुरक्षेच्या कायद्याची आठवण सगळ्यांनाच होते. मात्र हा कायदा केवळ आगी आणि स्फोटांसाठी नाही. कामामुळे हळूहळू जडणाऱ्या आजारांबद्दलही त्यात स्पष्ट तरतुदी आहेत, आणि त्यातली एक थेट डॉक्टरांवर जबाबदारी टाकते.

1948 च्या कारखाना अधिनियमातील कलम 89 नुसार, कारखान्यातील कामगाराला परिशिष्टात नमूद केलेला व्यवसायजन्य आजार असल्याचे दिसले किंवा तशी शंका आली, तरी डॉक्टरने विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचे होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कलम 12 मध्ये हेच कर्तव्य कायम आहे. न कळवणाऱ्या डॉक्टरला पूर्वी 1,000 रुपयांपर्यंत दंड होता, आता तो 10,000 रुपयांपर्यंत आहे. कारखान्याच्या डॉक्टरप्रमाणेच गल्लीतल्या दवाखान्यातील फॅमिली डॉक्टरलाही हे लागू आहे.

एमबीबीएसला हा विषय सामुदायिक वैद्यकशास्त्रात असतो. बहुतेकांच्या बाबतीत तो परीक्षेपुरता वाचला जातो आणि तिथेच संपतो. त्याची किंमत कामगार मोजतो. दगडखाणीत किंवा खडी क्रशरवर काम केलेल्याच्या एक्स-रेवर डाग दिसले की क्षयरोगाचे औषध सुरू होते. सिलिकोसिसची शंका येते ती उशिरा. क्रोमियममुळे हाताला पडलेल्या व्रणावर मलम मिळते. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षे काढलेल्याचे बहिरेपण वयावर ढकलले जाते.

निदान चुकले की उपचार चुकतात, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत व्यवसायजन्य आजार हा कामावर झालेल्या इजेसारखाच मानला जातो आणि अपंगत्व आल्यास त्याचा लाभ मिळू शकतो. केसपेपरवर नुसते 'त्वचेची अ‍ॅलर्जी' लिहिले, तर हा दावा उभाच राहत नाही. शिवाय निरीक्षकांना कळवलेच नाही, तर त्याच यंत्रावर दुसरा कामगार उभा राहतो आणि काही वर्षांनी तोही तीच तक्रार घेऊन येतो.

कायद्यात उणिवा आहेत. दहापेक्षा कमी कामगार असलेली बरीचशी छोटी युनिट सहसा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. कंत्राटी कामगार दर काही महिन्यांनी कारखाना बदलतो आणि आजार नेमका कुठला, हे सिद्ध करणे अवघड होते. तक्रार केली तर काम जाईल, ही त्याची भीतीही खरी असते. तरीही जे हक्क कागदावर आहेत, ते माहीत असणे ही पहिली पायरी आहे. आपण हाताळतो त्या रसायनाचा धोका काय, हे मालकाला विचारण्याचा अधिकार कामगाराला आहे. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे.

डॉक्टरांना हे शिकण्यासाठी लांब जायला नको. मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. प्रत्येकाने तो करावा असे नाही. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यातील डॉक्टरांच्या संघटनांनी वर्षातून एक सत्र या कायद्यावर घ्यावे. आजारांची यादी आणि कळवण्याचा नमुना प्रत्येक दवाखान्यात असावा.

रुग्णाला 'काम काय करता?' हे विचारावे, असे इटलीच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉक्टरांना सांगितले होते. ओपीडीच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याबरोबर काम काय, कुठे आणि किती वर्षे, हा रकाना छापायला फारसा खर्च येत नाही. आणि डॉक्टरने विचारले नाही, तर कामगारांनी स्वतःहून सांगावे.