विश्लेषण : नेमबाजीत प्रकार बदलला की पिस्तूलही का बदलावे लागते?

लाखभर रुपये मोजून आणलेले पिस्तूल स्पर्धेच्या दारातच नाकारले जाऊ शकते. १० मीटर आणि २५ मीटर प्रकारांत नेमका फरक काय, ट्रिगरचे वजन कसे तपासतात, मूठ हातावर कशी बसवतात आणि कायदा कुठे आडवा येतो?

मुळशी तालुक्यातील रिहे, घोटवडे या पट्ट्यातून माण-हिंजवडीमार्गे पुण्याकडे येणाऱ्या रस्त्याची ओळख आता आयटी कंपन्यांच्या बस आणि वाहतूक कोंडी अशी झाली आहे. हिंजवडी ओलांडून पुढे आले की बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलातील शूटिंग रेंजवर राज्यातील अनेक नामवंत नेमबाजांनी सराव केला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हे त्यातील अलीकडचे नाव. त्याच ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके पटकावली. साहजिकच गावाकडच्या घरातही ‘मुलीला नेमबाजीला घालू या’ असा विषय निघू लागला आहे आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो, ‘पिस्तूल कोणते घ्यायचे?’ खरे तर त्याआधी विचारायला हवे, की खेळायचे कोणत्या प्रकारात?

प्रकार कोणते आणि फरक काय?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ (आयएसएसएफ) पिस्तुलाचे प्रकार अंतर, दारूगोळा आणि वेळ यांवरून ठरवतो. १० मीटर एअर पिस्तुलात ४.५ मिमीचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो. पात्रता फेरीत ६० फैरी असतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी सव्वा तास मिळतो, म्हणजे घाई अशी नसते. २५ मीटर पिस्तूल हा महिलांचा ऑलिम्पिक प्रकार. त्यात ५.६ मिमीची, म्हणजे आपण ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतो ती गोळी लागते. पहिल्या ३० फैरी निवांतपणे अचूकतेसाठी मारायच्या. पुढच्या ३० फैरींत हात ४५ अंशांत खाली ठेवून उभे राहायचे आणि लक्ष्य दिसताच तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी मारायची. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत माराव्या लागतात. लंडन ऑलिम्पिकमध्ये विजय कुमारने रौप्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

महाराष्ट्राचे नाव पिस्तुलात मोठे झाले ते प्रामुख्याने २५ मीटरमुळे. पुण्याच्या अनिसा सय्यदने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतसह जोडीचेही. २०१४मध्ये ग्लासगोला राही पहिली आणि अनिसा दुसरी आली. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राहीने शूट-ऑफमध्ये थायलंडच्या खेळाडूला मागे टाकले आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

५० मीटर पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्याला ‘फ्री पिस्तूल’ म्हणत, कारण पिस्तुलाच्या वजनावर आणि ट्रिगरच्या वजनावर बंधनच नव्हते. रिओनंतर तो प्रकार ऑलिम्पिकमधून गेला. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यासाठी पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

नियमावली पिस्तुलाला कुठे बांधते?

एअर पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि सगळे पिस्तूल ४२० x २०० x ५० मिमीच्या पेटीत बसले पाहिजे. २५ मीटरच्या स्पोर्ट्स आणि रॅपिड फायर पिस्तुलासाठी वजनमर्यादा १४०० ग्रॅम, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, पेटी ३०० x १५० x ५० मिमी. नळी १५३ मिमीपेक्षा आणि पुढच्या-मागच्या साइटमधील अंतर २२० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. दोन्हीकडे साइट उघडीच हवी. दुर्बीण, रेड डॉट, लेझर यांपैकी काहीही पिस्तुलावर चालत नाही. चष्म्याला भिंग लावता येते, पिस्तुलाला नाही.

यातील सर्वाधिक गोंधळ होतो तो ट्रिगरवर. स्पर्धेआधी उपकरण तपासणीत पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरला ठरावीक वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन जमिनीवरून सुटले आणि ट्रिगर पडला नाही तर पास. एअर पिस्तूल असेल तर हवेचा दाब चालू ठेवूनच ही चाचणी होते. तपासणी एकदाच झाली म्हणून सुटका नाही. फैरी संपल्यावर चिठ्ठी काढून निवडलेल्या खेळाडूंचा ट्रिगर पुन्हा तपासतात आणि तेव्हा तो हलका निघाला तर खेळाडू थेट बाद होतो. मग गुण कितीही असोत. म्हणून जाणकार नेमबाज ट्रिगर नेमका ५०० ग्रॅमवर ठेवत नाहीत, थोडा वर ठेवतात. स्प्रिंग सैल होते, स्क्रू फिरतो, प्रवासात हादरे बसतात. पाच-दहा ग्रॅमच्या ‘फायद्या’साठी वर्षाची मेहनत पणाला लावण्यात शहाणपण नाही.

एअर सिलिंडरची मुदतही अशीच विसरली जाते. उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी सिलिंडर बाद धरला जातो. जुने पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचावी. अनेकदा स्वस्ताईचे कारण तिथेच कोरलेले असते.

मूठ एवढी महत्त्वाची का?

पिस्तुलाच्या कंपनीवरून रेंजवर जेवढ्या चर्चा होतात, त्याच्या निम्म्याही मुठीवरून होत नाहीत. गुणांचा हिशेब मात्र इथेच ठरतो. थोडे गणित मांडू. एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधील अंतर सुमारे ३२० मिमी धरले आणि पुढची साइट मागच्या खाचेत १ मिमीने सरकली, तर १० मीटरवर छर्रा साधारण ३१ मिमी बाजूला जातो. दहाचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे. छर्रा त्या रेषेला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात, हे धरूनही मध्यापासून ८ मिमीची मुभा उरते. म्हणजे साइटमध्ये पाव मिलिमीटरची चूक झाली की दहा हुकला. २५ मीटरवर दहाचे वर्तुळ ५० मिमीचे, म्हणजे दिसायला मोठे. पण तिथे साइटमधील अंतर २२० मिमी आणि लक्ष्य अडीच पट दूर. हिशेब पुन्हा पाव मिलिमीटरपाशीच येतो.

याउलट, दोन्ही साइट एका रेषेत राखून अख्खा हात ५ मिमी हलला, तर छर्राही जेमतेम ५ मिमीच सरकतो. त्यामुळे प्रशिक्षक ‘लक्ष्य धूसर दिसू दे, पुढची साइट स्पष्ट बघ’ असे सतत बजावतात. साइट रेषेत राहतील की नाही हे मनगट ठरवते आणि मनगट कसे लॉक होईल हे मूठ ठरवते.

मूठ बसली की नाही हे ओळखायची सोपी रीत आहे. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून, नळीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेला ठेवून, डोळे मिटून हात उचलायचा, स्थिर करायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मध्यावर आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला तर मूठ हाताची आहे. प्रत्येक वेळी ती डावीकडे किंवा वर दिसत असेल, तर मनगट वाकवून ती मध्यावर आणू नये. मूठ फिरवावी, तिचा कोन बदलावा, गरज पडल्यास कानस मारावी किंवा लाकडाची लुगदी भरावी. तळहाताखालची फळी इतकीच घट्ट हवी की हात घसरणार नाही. ती आवळली तर बोटे थरथरतात. नियमाचे भान इथेही हवे. ही फळी मुठीशी किमान ९० अंशांचा कोन करून बाहेर यायला हवी, हात कवेत घेण्यासाठी वर वळवलेली चालत नाही आणि मनगटाला कोणताही आधार देता येत नाही.

मुळशीच्या पावसाची आठवण इथे काढायला हवी. लाकूड दमट हवेत फुगते. जुलैत घासून अचूक बसवलेली मूठ जानेवारीत हातात सैल लागली तर दोष आपल्या पकडीला देण्याआधी लाकूड पाहावे. पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्याने बराच फरक पडतो.

बाकी जुळवणी कशी?

प्रकारागणिक ती उलट्या दिशेने जाऊ शकते. एअर पिस्तूल साधारण किलोभर वजनाचे असते, म्हणजे मर्यादेपर्यंत पुढे वजन लावायला जागा असते. पुढे जड पिस्तूल हळू डोलते, त्यामुळे संथ प्रकारात बरे वाटते. तेच वजन तीन सेकंदांत हात उचलताना अंगाशी येते, कारण लक्ष्यावर थांबण्याऐवजी हात वर निघून जातो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी तर वजन वाढवण्याचा विचार पहिले वर्षभर बाजूलाच ठेवावा. लहान हातांसाठी कमी वजनाची पिस्तुले मिळतात.

ट्रिगर सहसा दोन टप्प्यांचा ठेवतात. पहिल्या टप्प्यात बहुतेक वजन बोटावर घ्यायचे आणि उरलेले थोडे दुसऱ्या टप्प्यात. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवून तर्जनीचे पहिले पेर तिच्यावर सरळ येईल असे पाहायचे. रॅपिड फायरमध्ये अनेकांना लांब, सलग सरकणारा ट्रिगर आवडतो. हा सवयीचा भाग आहे, नियमाचा नाही. साइटचा स्क्रू मात्र नवशिक्यांनी प्रत्येक छर्‍यानंतर फिरवू नये. दहा फैरींचा झुबका कुठे पडतो ते पाहून मगच एक-दोन क्लिक.

आणि जुळवणी केलेल्या प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद हवी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला. तिने ५७५ गुण केले आणि ती अंतिम फेरीपासून दोन गुणांनी दूर, बाराव्या स्थानी राहिली. राखीव पिस्तूल सगळ्यांकडे नसते. पण आपल्या मुठीचा कोन, साइटच्या क्लिक आणि ट्रिगरची जागा लिहून ठेवलेली असेल तर उसन्या पिस्तुलावरही निदान उभे राहता येते.

कायदा काय सांगतो?

एअर पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा सहा ज्यूलही भरत नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपर्यंतच्या ४.५ मिमी हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू पिस्तूल मात्र बंदूकच. त्यासाठी परवाना, पोलिस पडताळणी, गोळ्यांचा हिशेब, सगळे आले. परवान्याचे किमान वय २१ असून कनिष्ठ नेमबाजांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, खेळाडूंना सवलत मिळते ती दर्जानुसार.

याचा परिणाम असा, की रिह्यातील मुलगी १० मीटर खेळेल की २५ मीटर, हे तिच्या कौशल्याआधी कागदपत्रांवर ठरते. शस्त्रांबाबत कडक असण्याला कुणाचा विरोध असू नये. पण रेंजवरच ठेवलेली, संघटनेच्या ताब्यातील २५ मीटरची पिस्तुले पुरेशी असती, तर घरी बंदूक न आणताही हा प्रकार शिकता आला असता. अनिसा आणि राहीच्या राज्यात ही मागणी अवाजवी नाही.

यूट्यूबवर पाहून आयपीएससी म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगचे ‘ओपन’, ‘स्टँडर्ड’, ‘प्रॉडक्शन’ हे गट विचारणारेही भेटतात. तिथे धावत धावत लक्ष्ये टिपायची असतात. ओपन गटात ऑप्टिक साइट चालते, स्टँडर्ड गटात पिस्तूल २२५ x १५० x ४५ मिमीच्या पेटीत बसावे लागते, प्रॉडक्शन गटात मॅगझिनमध्ये १५ गोळ्यांची मर्यादा असते. मात्र तिथली बहुतेक पिस्तुले ९ मिमीची आणि तो बोअर भारतात सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित आहे. त्या व्हिडीओंतील पकड, दोन हातांची ठेवण, रेड डॉट यांपैकी काहीच बालेवाडीच्या रेंजवर उपयोगी पडत नाही. आयएसएसएफच्या पिस्तूल प्रकारांत पिस्तूल एकाच हातात धरावे लागते.

मग खरेदी कधी?

पहिले काही महिने अकादमीचेच पिस्तूल वापरावे आणि खर्च करायचाच तर हाताच्या मापाच्या मुठीवर करावा. घरी १० मीटर जागा नसली तरी रिकाम्या पिस्तुलाने, सेफ्टी फ्लॅग काढण्याआधी दोनदा खात्री करून, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रिगरचा सराव होतो. जमिनीपासून १.४० मीटरवर, म्हणजे लक्ष्याच्या मध्याच्या उंचीवर, पेन्सिलने खूण केली की पुरे. स्वतःचे पिस्तूल घ्यायची वेळ आली तर पैसे देण्याआधी सिलिंडरची तारीख, मुठीचे माप आणि ज्या प्रकारात नाव नोंदवायचे त्याची मर्यादा हे तिन्ही प्रशिक्षकासमोर तपासून घ्यावे, आणि पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर निदान आठवडाभर आधी ट्रिगरला वजन अडकवून पाहावे.