आईची तक्रार ऐकायची कुणी?

पनवेलच्या मजूर नाक्यावर सकाळी काम मिळेल या आशेने उभी राहणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. नवरा सोडून गेलेला. सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन स्टेशनजवळ फिरताना दिसते. कुणीतरी १०९८ वर फोन करते, मुले बाल कल्याण समितीपुढे नेली जातात, तिथून बालगृहात जातात. संध्याकाळी बाई घरी येते तर खोली रिकामी. पुढे चौकशी होते. घरमालकाला विचारतात, शेजारणीला विचारतात. हिला मात्र एकच प्रश्न, ‘मुलांना टाकून कुठे गेली होतीस?’ अहवालात आपल्याबद्दल काय लिहिले, हे तिला कुणी वाचूनही दाखवत नाही.

अशी बाई आपल्या केंद्रात तक्रार घेऊन येते तेव्हा आपलीच पंचाईत होते. घराच्या आणि संस्थेच्या चार भिंतींआड काय चालते ते सरकारने पाहावे, यासाठी आपणच भांडलो आहोत. २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या निवासी संस्थेतले लैंगिक अत्याचार उघडकीला आले. उच्च न्यायालयाने नेमलेली समिती तिथे पोहोचली म्हणून ते बाहेर आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या संचालकाला दोषी ठरवले. तेव्हा चौकशी नको, असे आपण म्हणूच शकत नाही.

पण कळंबोलीने आणखी एक धडा दिला. मूल संस्थेत गेले म्हणजे सुरक्षित झाले, असे नाही. मग ‘माझे मूल कुठे आहे, कसे आहे, का नेले?’ असे विचारणारी आई कामात अडथळा कशी ठरते? तिचा प्रश्न ही मुलावरची आणखी एक राखण आहे.

कायद्याने हे मान्य केलेले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला २४ तासांत समितीपुढे हजर करावे लागते, सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि सगळी चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. समितीचा आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. सुनावणीत बोलू दिले नाही, नुसत्या तारखा पडल्या, अशी समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्यांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून आदेश द्यायचा आहे. तक्रार आणि अपील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण बायांना नीट समजावले पाहिजे. तक्रारीच्या उत्तराची वाट पाहताना अपिलाचे ३० दिवस निघून जातात.

आणि जिल्हाधिकारी बसतात अलिबागला. एका खेपेला एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी जाते. साहेब दौऱ्यावर असले की दुसरी खेप. कागदावरचा हक्क असा परवडेनासा होतो.

दुसरी बाजूही आपण जाणतो. प्रत्येक तक्रार मुलाच्या हिताची नसते. मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला बापच कधी आईला पुढे करून ‘मुलगी परत द्या’ असा अर्ज लिहवून घेतो. म्हणून तक्रारीच्या चौकशीत मुलीचा ठावठिकाणा किंवा फोन करणाऱ्या शेजारणीचे नाव बाहेर जाता कामा नये. तक्रार ऐकणे म्हणजे मूल परत देणे नव्हे. मूल कुठे सुरक्षित आहे, हा एक प्रश्न. आईला माणसासारखे वागवले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आईच्या विरुद्ध गेले, तरी दुसऱ्याचे उत्तर तिला मिळालेच पाहिजे.

आमचे म्हणणे साधे आहे. महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकाव्यात. लिहिता न येणाऱ्या बाईची तोंडी तक्रार लिहून घेऊन तिला पोच द्यावी. ज्याने चौकशी केली त्यानेच तक्रारीचा निकाल देऊ नये. तिच्याविषयी जे लिहिले ते तिला समजेल अशा भाषेत सांगावे. तक्रार केली म्हणून मुलाच्या भेटी बंद करू नयेत. आणि नाक्यावरच्या बायांसाठी पाळणाघर काढावे. मूल सांभाळायला कुणी नाही, हा गरिबीचा प्रश्न आहे. त्याची शिक्षा आईला आणि मुलांना का?

आपल्यालाही काम आहे. अशी बाई आली की आधी तिचा न्याय करायला बसू नका. मूल कधी नेले, आदेश कोणत्या तारखेचा, कोण काय बोलले, हे त्याच दिवशी वहीत लिहून घ्या. अलिबागला तिच्याबरोबर एकीने जा. आणि मुलाला काय हवे आहे हे त्याला कुणी विचारले का, हा प्रश्न समितीला विचारा, आईलाही विचारा.