नोव्हेशियनचे वारस

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एक अलिखित नोंदवही असते. बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि मृत्यूची नोंदवही कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असते. ही मात्र चर्चच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या मांडवात आणि नाक्यावरच्या दुकानात उघडीच पडलेली असते. कोण कधी दारूच्या आहारी गेला, कोणाच्या मुलीने घर सोडून लग्न केले, कोणी पतपेढीचे कर्ज बुडवले, कोण सेमिनरीतून परत आला, हे सारे तीत सालासकट लिहिलेले असते. (सेमिनरी सोडणे हे पाप केव्हापासून झाले, हे मला अजून उमगलेले नाही.) या वहीत लिहिण्याची सोय आहे, खोडण्याची नाही. धर्मग्राम परिषदेसाठी किंवा मिस्सातील वाचनासाठी एखादे नाव पुढे आले की कोणीतरी जवळ येऊन हळूच म्हणतो, "फादर, त्याचं पूर्वीचं तुम्हांला ठाऊक नसेल." ज्याने दहा-बारा वर्षे दारूला स्पर्श केला नाही, तोही गावाच्या लेखी 'तो दारुडा'च राहतो.

आणि हे सारे चालते धर्मनिष्ठेच्या नावाने! माझे म्हणणे स्पष्ट आहे. ही धर्मनिष्ठा नव्हे. हा एका फुटीर पंथाचा विचार आहे आणि ख्रिस्तसभेने तो पावणेअठराशे वर्षांपूर्वी फेटाळलेला आहे.

इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने फर्मान काढले की, प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे प्रमाणपत्र घ्यावे. अशी काही प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेली सापडली आहेत. पोप फेबियन २० जानेवारी २५० रोजी हुतात्मा झाले. अनेकांनी तुरुंगवास पत्करला. परंतु पुष्कळ ख्रिस्ती लोक डगमगले. कोणी बळी दिला, कोणी धूप जाळला, कोणी लाच देऊन नुसते प्रमाणपत्र मिळवले. छळाचा जोर ओसरल्यावर हेच लोक अश्रू ढाळीत परत आले. त्यांचे काय करायचे?

रोममधील नोव्हेशियन हा विद्वान धर्मगुरू. पवित्र त्रैक्यावरील त्याचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्याचे उत्तर असे की, या लोकांनी जन्मभर प्रायश्चित्त करावे, देवाला क्षमा करायची असेल तर तो करील, ख्रिस्तसभेने मात्र त्यांना पुन्हा आत घेऊ नये. २५१ साली कॉर्नेलियस यांची पोप म्हणून निवड झाली, तेव्हा नोव्हेशियनने स्वतःला प्रतिस्पर्धी बिशप म्हणून अभिषेक करवून घेतला. रोममध्ये साठ बिशपांची सभा भरली आणि तिने त्याला बहिष्कृत केले. त्याच्या अनुयायांनी स्वतःसाठी घेतलेले नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : ते स्वतःला 'शुद्ध' म्हणवीत.

कार्थेजचे बिशप संत सिप्रियन काही मवाळ नव्हते. तुरुंगातील साक्षीदारांच्या चिठ्ठ्या आणून तत्काळ प्रवेश मागणाऱ्यांनाही त्यांनी रोखले. प्रत्येकाचे प्रकरण तपासून, प्रायश्चित्ताची मुदत ठरवून निर्णय व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु नवा छळ जवळ आल्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकारी बिशपांनी प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांसाठी दार उघडले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ज्यांना उद्या लढाईला उभे करायचे, त्यांना आज ख्रिस्तशरीरावाचून उपाशी ठेवून कसे चालेल? विश्वासात टिकून राहणे हे पवित्र भोजनासाठी आधी गाठायच्या पात्रतेचे नाव नाही. त्या भोजनानेच ते बळ येते. खुद्द सिप्रियन २५० च्या छळात लपून राहिले होते आणि त्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली होती. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. पहिल्या वेळची नोंद वहीत कायम ठेवली असती, तर ख्रिस्तसभा एका हुतात्म्याला मुकली असती.

नोव्हेशियनचा पंथ त्यानंतरही बराच काळ टिकला. ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत त्या पंथाचा अकेसियस नावाचा बिशप सम्राट कॉन्स्टंटाइनपुढे आपले कडक तत्त्व मांडू लागला, तेव्हा सम्राटाने त्याला शिडी लावून एकट्यानेच स्वर्गात चढायला सांगितले, असे पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडेही अशा शिड्या बऱ्याच घरांत आहेत.

त्या गुरुवारच्या रात्रीकडे पाहा. यहूदा आणि पेत्र दोघेही एकाच रात्री पडले. यहूदाने पश्चात्ताप केला नाही, असे आपण समजतो. मत्तयाचे शुभवर्तमान वेगळे सांगते. त्याने आपला अपराध कबूल केला, तीस नाणी परत आणली. पण ज्यांच्याकडे तो गेला त्या मंदिरातील धर्माधिकाऱ्यांनी, आपला याच्याशी काही संबंध नाही, असे म्हणून हात झटकले. पेत्र मात्र शिष्यांतच राहिला. ज्या कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने प्रभूला नाकारले, तिच्यासाठी मूळ ग्रीक संहितेत आलेला शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो, तिबिर्याच्या किनाऱ्यावरील निखाऱ्यांसाठी. तिथे प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि तीनदा कळप सोपवला. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत नोंदलेला आहे. म्हणजे आदिसभेने तो लपवला नाही, आणि त्याच्या वाटेत आडवाही घातला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पापाची किंमत काय? 'झाले गेले गंगेला मिळाले' म्हणायचे आणि मोकळे व्हायचे? ही म्हण कोणाच्या तोंडी येते, ते पाहावे. ज्याची वाडी लाटली गेली त्याने ती म्हटली तर ती क्षमा. लाटणाऱ्याने म्हटली तर तो चोरी पचवण्याचा डाव. जक्कयाने नुसते डोळे टिपले नाहीत, चौपट परत करण्याची तयारी दाखवली. भावाचा हिस्सा गिळलेल्याने पापनिवेदनाला अवश्य यावे. आणि तिथून उठून सातबाऱ्याच्या फेरफाराच्या मार्गाला लागावे. जिथे लहान मुलावर अत्याचार झाला आहे, तिथे तर 'विसरा' हा शब्द काढण्याचा अधिकार कोणालाच नाही, आम्हा धर्मगुरूंना तर मुळीच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर ती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले, आणि ते फार उशिरा आले. क्षमा मिळालेल्या माणसाला मुलांच्या सहवासात पुन्हा नेमावे, असे क्षमेचा कोणताही सिद्धांत सांगत नाही. पायऱ्यांवरची वही या गंभीर अपराधांबाबत बहुधा मूग गिळून बसते. तिची शाई खर्च होते ती दारुड्यांवर आणि पळून गेलेल्या मुलींवर.

नोव्हेशियनचा सर्वांत हट्टी वारस मात्र बाहेर नसतो, पडलेल्याच्या आत असतो. काही माणसे क्षमा मिळालेले तेच पाप वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा निवेदन करतात. काही जण लाजेपोटी पंधरा पंधरा वर्षे ख्रिस्तशरीर घेत नाहीत आणि मिस्साला मागच्या दाराशी उभे राहतात. त्यांना वाटते, ही नम्रता आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनाही १५२२ साली मानरेसा येथे असेच वाटले होते. जुनी पापे उकरून उकरून ते आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचले; मग हा आत्मा देवाकडून नाही, हे त्यांनी ओळखले आणि मागच्या पापांचे पुन्हा निवेदन करायचे नाही, असे ठरवले. देवाने मिटवलेला हिशेब स्वतः उघडून बसणे म्हणजे देवापेक्षा आपला निवाडा मोठा मानणे. नम्रतेच्या पोशाखातला हा गर्व फार चिवट असतो.

मागच्या दाराशी उभे राहणाऱ्यांना एवढेच सांगतो. आपल्या फादरांसमोर जीभ उचलत नसेल तर शेजारच्या धर्मग्रामात जा; तिथला संस्कार तसूभरही कमी नसतो आणि तिथल्या धर्मगुरूलाही गुप्ततेचे तेच बंधन असते. ज्या पापांची क्षमा पूर्वीच मिळाली आहे, ती पुन्हा सांगण्याची गरज नाही. जे राहिले असेल ते सांगा आणि त्याच रविवारी पुढच्या रांगेत या.